परतल्यानंतरचे चार रविवार

“जाताना सगळे नीट घेतात. तिकडं असतानाही घेतात. परत आले की सोडतात, आणि मग माझ्याकडं नाही येत, सरळ आयसीयूत जातात.”

पुण्यातल्या लसीकरण केंद्रातल्या डॉक्टरबाई लिहिता लिहिता हे म्हणाल्या. जुई माझ्या मांडीवर होती. पिवळ्या तापाची लस नुकतीच टोचून झाली होती आणि ती स्वतःच्या दंडाकडं बघत हुंदके देत होती. माझं निम्मं लक्ष घड्याळाकडं. स्वारगेटहून सांगलीची दुपारची गाडी गाठायची होती.

“वजन?”

“साडेबारा किलो.”

“पाव गोळी. दर रविवारी. तुम्हाला अख्खी. जायच्या आधी दोन रविवार, तिकडचे सगळे रविवार, आणि परत आल्यावर चार. किती?”

“चार.”

“का, ते नाही विचारलंत.”

मी हसले. त्यांनी मान वर करून बघितलं.

“डास चावला की मलेरियाचा जंतू आधी यकृतात दडून बसतो. तिथं ही गोळी त्याला गाठत नाही. तो रक्तात उतरला, की मग मारते. तुम्ही विमानातून उतरता तेव्हा तो अजून उतरलेला नसतो. म्हणून चार रविवार.”

“हो, हो,” म्हणत मी कागद पर्समध्ये सारला. मी बी.एस्सी. झालेली, लग्नाआधी दीड वर्ष शाळेत विज्ञान शिकवलेलं. डासाचं आणि मलेरियाच्या जंतूचं चक्र मी स्वतः फळ्यावर रंगीत खडूनं काढलं होतं. मला नवीन काय सांगतायत, असंच वाटलं.

याला आता नऊ वर्षं झाली.

आमचं गाव आष्टा. आजूबाजूला साखर कारखाने, त्यामुळं साखर शिजवणारी माणसं घरोघरी. माझा नवरा विक्रांत पॅनमन. म्हणजे रस आटत असताना काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन दाणा धरला की नाही, हे उजेडात बघून सांगणारा माणूस. हे काम पुस्तकातनं येत नाही आणि आफ्रिकेतल्या कारखान्यांना अशी माणसं लागतात. आमच्या गल्लीतली सात घरं तेव्हा युगांडातल्या पगारावर उभी होती. सगळ्यांत आधी गेले ते माझे सासरे. तिसऱ्या खेपेहून घरी आल्यावर त्यांना कावीळ झाली आणि त्यातच ते गेले. माझं लग्न व्हायच्या तीन वर्षं आधी. पुढं विक्रांतला तिथंच नोकरी मिळाली.

त्या वर्षी मी आणि जुई सात आठवडे त्याच्याकडं राहायला जाणार होतो. जुईला तेव्हा अडीच वर्षं पुरी व्हायची होती.

गोळ्यांचा प्रश्न नव्हता, कारण आमच्या घरात डबा होता.

हा डबा माझ्या सासूबाईंकडं असायचा. मी त्यांना आत्याबाई म्हणते, गल्ली त्यांना लीलाकाकू म्हणते. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकणाला रबर लावलेलं, देवघराखालच्या फळीवर ठेवलेला. त्या गोळ्या सांगलीत सहज मिळत नसत. पुण्याहून मागवायच्या, आणि एका गोळीला दोन लिटर दुधाचे पैसे. म्हणून आमच्या गल्लीनं आपली रीत काढली होती. जो जाईल त्यानं डब्यातल्या न्यायच्या, कमी पडतील तेवढ्या विकत घ्यायच्या, आणि परत आला की उरलेल्या डब्यात टाकायच्या. मग पुढच्याला त्या. आत्याबाईंना त्याचा फार अभिमान. कुणाच्या घरात जाण्याची तयारी सुरू झाली, की त्या आपण होऊन डबा घेऊन जायच्या.

“पैशाची वस्तू हाय बाई,” त्या म्हणायच्या, “डास काय आष्ट्यापत्तोर येतोय व्हय मागं?”

तिकडं मी डोळ्यांत तेल घालून राहिले. दर रविवारी सकाळी सुरीनं गोळीचे चार भाग, एक भाग चुरून गुळात. जुईला ती कडू जहर लागायची. एका रविवारी तिनं सगळं माझ्या ओढणीवर ओकलं, तर मी अर्ध्या तासात दुसरा पाव भाग दिला. ऊन कलायच्या आत पायमोजे, लांब बाह्या, मच्छरदाणीची टोकं गादीखाली. विक्रांत हसायचा.

“हर्षदा, इथं वर्षानुवर्षं राहणारं कुणी गोळ्या खात नाही. ताप आला की कंपनीच्या दवाखान्यात जायचं. बोटाला टोचतात, दहा मिनिटांत सांगतात. तीन दिवस औषध, चौथ्या दिवशी कामावर. एक पैसा पडत नाही.”

“तुम्ही नका खाऊ. माझी पोरगी खाणार.”

वहीत मी प्रत्येक रविवारपुढं बरोबरची खूण करत होते. एकही रविवार रिकामा नव्हता. त्या वहीचा पुढं मला किती राग आला, सांगता येत नाही.

शनिवारी आम्ही घरी पोचलो. रविवारी सकाळी मी गूळ काढून ठेवला होता. सुरी हातात होती. तेवढ्यात दीपाली दारात.

दीपाली आमच्या पलीकडच्या घरातली नवी सून. लग्नाला पाच महिने झालेले, नवरा तिकडं लॅबमध्ये नव्यानं लागलेला. मंगळवारी तिचं विमान.

“वहिनी, दमला असाल. मी मागनं येऊ का?”

“अगं ये की आत,” आतून आत्याबाई म्हणाल्या. “हर्षदा, किती उरल्या गं?”

“पाच.” मी गोळ्यांची पत्ती हातातच धरली होती. “पण आत्याबाई, डॉक्टरबाई म्हणाल्यात, परत आल्यावर चार रविवार घ्यायच्या. मला चार, आणि जुईच्या चार पाव मिळून एक. बरोबर पाचच आहेत.”

“आल्यावर?” आत्याबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “आल्यावर कशाला? हितं कोण चावतंय? आजपत्तोर कुणी घेतल्यात आल्यावर? ह्या पोरीनं मंगळवारच्या आत कुठनं आणायच्या?”

“तशा माझ्याकडं सहा आहेत,” दीपाली म्हणाली. “पाच कमी पडतायत. नसतील तर राहू दे वहिनी, मी बघते काहीतरी.”

“काय बघतीस? पुण्याला जाऊन येतीस?” आत्याबाई माझ्याकडं वळल्या. “ती तिकडं निघालीय गं. तू हिकडं आलीयास.”

बोलणं सरळ होतं. मी हो म्हटलं.

पण खरं सांगायचं, तर आत्याबाईंनी मला हरवलं नव्हतं. जुई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती. तिनं गूळ बघितला, सुरी बघितली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिला पुन्हा धरायचं, पुन्हा नाक दाबायचं, पुन्हा ती ओकणार. मलाच ते नको होतं. दीपालीनं माझी सुटका केली.

पत्ती तिच्या हातात ठेवली आणि जुईला नुसता गूळ दिला.

चोविसाव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, जुई खेळता खेळता येऊन माझ्या पाठीला चिकटली. अंग भाजत होतं. एकशे दोन.

“विमानाचा ताप,” आत्याबाई म्हणाल्या.

आमच्या गल्लीत हा शब्द होता. तिकडून आलेल्या माणसाला महिन्याभरात एकदा ताप येतो, थंडी वाजते, हवापालट झाली म्हणून. चार दिवस पडून राहायचं, गवती चहा प्यायचा, उतरतो. सगळ्यांना यायचा. विक्रांतला दोनदा आला होता. कुणी त्याचं काही मनावर घ्यायचं नाही. उलट चेष्टा चालायची, “काय पाटील, विमान उतरलं का न्हाई अजून?”

तरी मी बुधवारी तिला गावातल्या डॉ. कुंभारांकडं नेलं. ते जुईच्या जन्मापासूनचे डॉक्टर. त्यांनी घसा बघितला, पोट दाबलं आणि विचारलं, “तुम्ही आफ्रिकेला जाऊन आलात ना मध्ये?”

“महिना होत आला येऊन.”

“रक्त बघू या का? मलेरियाचं?”

जुईनं सुईचं नाव न घेताच ओळखलं आणि माझ्या गळ्यात हात आवळले. मागच्या वेळी तिची शीर सापडेना म्हणून तीन ठिकाणी टोचलं होतं.

“डॉक्टर, तिच्या सगळ्या गोळ्या झाल्यात. एकसुद्धा चुकवली नाही मी. वहीत लिहिलंय.”

“सगळ्या?”

“तिकडच्या सगळ्या.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी शिकलेली, दर लसीची तारीख तोंडपाठ असलेली आई. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. “बरं. दोन दिवस बघू. गावात सर्दी-तापाची साथ आहेच. पण ताप उतरला नाही, तर लगेच या.”

बुधवारी रात्रीपर्यंत ताप चढत-उतरत राहिला. गुरुवारी सकाळी अंग गार लागलं. घाम फुटून झबलं ओलं झालं होतं. मी देवापुढं दिवा लावला. आत्याबाईंनी मऊ भात टाकला. जुईनं दोन घास खाल्ले आणि ती झोपली.

नऊ वाजता मी हाक मारली. उठली नाही.

“झोपू दे गं,” आत्याबाई म्हणाल्या. “दोन दिस धड झोप न्हाई पोरीला. झोपंत ताप उतरतो.”

दहाला पुन्हा हाक मारली. “जुई, दूध.” तिनं डोळे उघडले, पण माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या कानाच्या मागं कुठंतरी बघत होती. मी तिचा हात उचलला आणि सोडला. तो चादरीवर पडला. दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

“आत्याबाई, ही झोपलेली नाही.”

त्या वाकल्या. त्याच वेळी जुईचा डावा पाय झटके द्यायला लागला. मग हात. मग तोंडाचा एक कोपरा.

आष्ट्यापासून मिरज तासाभराच्या आत येते. शेजारच्या बाबरांच्या गाडीत मागच्या सीटवर मी तिला आडवी धरली होती. उसाच्या ट्रॉल्या पुढं, त्यांच्या मागं आम्ही. बाबर हॉर्नवरचा हात काढत नव्हते. आत्याबाई जुईचे तळपाय चोळत होत्या आणि सारख्या एकच म्हणत होत्या, “येतंय मिरज. येतंय बघ.” मी तिच्या छातीवर तळहात ठेवून श्वास मोजत होते. मध्येच मोजणी चुकली की वाटायचं, माझं चुकलं नाही, तिचा श्वासच राहिला.

लहान मुलांच्या दवाखान्यात डॉ. मगदूम म्हणून होते. चाळिशीचे, हळू बोलणारे. जुईला आत नेता नेताच त्यांनी विचारलं, “कुठं प्रवास झाला होता?”

“युगांडा. पण महिना झाला. आणि गोळ्या...”

“गोळ्या कधी थांबवल्या?”

उत्तर आत्याबाईंनी दिलं. “आल्या दिवशी.”

ते आत गेले. वीस मिनिटांनी बाहेर आले, हातातला कागद माझ्याकडं न देता.

“मलेरिया आहे. वाईट जातीचा. डोक्यात गेलाय. साखर खूप खाली आली होती, ती चढवतोय. इंजेक्शन सुरू केलंय. रक्त द्यावं लागेल, आणि श्वासासाठी मशीन लागलं तर लावू.”

“वाचेल ना?”

“परवा आणली असती तर ‘हो’ म्हणालो असतो.”

परवा म्हणजे मंगळवार. मंगळवारी दुपारी एकशे दोन ताप असताना मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते.

खिडकीवर पन्नास हजार भरायला सांगितले. माडीच्या स्लॅबसाठी विक्रांतनं पाठवलेले पैसे माझ्या खात्यात होते. ते भरताना कार्डाचा नंबर दोनदा चुकला. काचेपलीकडची मुलगी म्हणाली, “ताई, सावकाश.” मग औषधांची यादी, मग रक्तपेढीची चिठ्ठी. डॉ. मगदूम जाता जाता म्हणाले होते, “इंजेक्शन फार महाग नाही. खर्च येणार तो उशिराचा.” त्या वेळी नीट कळलं नाही. पुढं रोज कळत गेलं.

विक्रांतला फोन लागला तेव्हा तिकडं सकाळची पाळी चालू होती. मागं यंत्रांचा आवाज.

“निघतो,” तो म्हणाला.

“हंगाम अर्ध्यात सोडलात तर...”

“तिकिटाचे पैसे कापतील. बोनस जाईल. जाऊ दे.” मग म्हणाला, “इथं असती तर गं. इथं दहा मिनिटांत सांगितलं असतं.”

त्यानं ते मला टोचायला म्हटलं नव्हतं. पण ते वाक्य मी आजपर्यंत विसरलेले नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला आम्हाला एकेकीला आत सोडलं. आधी मी. जुईच्या नाकात नळी, पायाला सुई, हात पट्टीनं फळीला बांधलेला. मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, “जुई, कडू गोळी नाही हं. गूळ देते.” नर्सनं माझा खांदा धरून मला बाहेर काढलं.

मग आत्याबाई गेल्या. परत आल्या तेव्हा डॉक्टरही त्यांच्याबरोबर बाहेर येत होते. आत्याबाई दारातच थांबल्या.

“डॉक्टर, एक विचारू?”

“विचारा की आजी.”

“ह्या तापात डोळं पिवळं होत्यात?”

“होतात. रक्तातल्या पेशी फुटतात, कावीळ दिसते.”

“आन् लघवी? कोऱ्या च्यासारखी?”

“तसंही होतं. का? हिला कधी दिसलं तुम्हाला?”

“हिला न्हाई.”

डॉक्टर पुढं गेले. आत्याबाई माझ्या शेजारी बाकावर बसल्या. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत त्याची चित्रं होती. त्या ती चित्रं बघत होत्या.

“तुझं मामंजी,” त्या म्हणाल्या, “येऊन वीस-बावीस दिवस झालं हुतं. ताप यायचा, जायचा. मी म्हटलं, विमानाचा हाय. मग डोळं पिवळं झालं. कावीळ म्हणून त्या वारण्याकडच्या बाबाकडं नेलं. त्यानं काविळीची माळ घातली डोक्यात. ती वाढत वाढत गळ्यापत्तोर आली. माळ उतरली म्हंजी कावीळ उतरली म्हणाला. आम्ही नारळ देऊन घरी आलो.”

मी ऐकत होते. जुईच्या दारावरचा लाल दिवा बघत ऐकत होते.

“दुसऱ्या दिशी सकाळी ते झोपल्यालं. विक्रांत म्हणाला, आई, बाबा उठंनात. मी म्हटलं, झोपू दे त्यास्नी. लई दिसांनी झोप लागलीया.”

पलीकडं कुणाचं तरी मूल रडलं आणि आम्ही दोघीही एकदम उठलो. ते जुईचं नव्हतं. आम्ही परत बसलो.

“दिवस घातल्यावर त्यांची बॅग उघडली,” आत्याबाई म्हणाल्या. “आत कागदात गुंडाळल्याल्या गोळ्या. कंपनीनं दिल्या हुत्या. मला टाकवंनात. त्यांच्या हातच्या, आन् पैशाची वस्तू. गल्लीतला शंकर चालला हुता तिकडं, त्याला दिल्या. म्हटलं, कुणाच्या तरी कामी येतील. तो आला तवा उरल्याल्या आणून दिल्या. मग पुढच्याला. तसा तो डबा झाला.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा मला त्या म्हाताऱ्या दिसल्या.

“चार हुत्या, हर्षदा. कागदात. मोजून चार.”

मी फक्त हिशेब करत होते. त्या डब्यात टाकलेली प्रत्येक गोळी कुणाच्या तरी चार रविवारांतली होती. उरलेली एकही नव्हती. आमच्या गल्लीतला प्रत्येक माणूस आपले चार रविवार पुढच्याला देत आला होता, आणि ताप आला की त्याला विमानाचं नाव देत होता. मोठी माणसं तिकडं वर्षानुवर्षं राहून, तिथले ताप अंगावर काढून काढून निभावली. मामंजी नाही निभावले. आणि मी, फळ्यावर त्या जंतूचं चक्र काढणारी, माझ्या मुलीचे चार रविवार दारात उभी राहून देऊन टाकले.

“दीपाली,” मी म्हटलं.

आत्याबाईंनी मान हलवली. त्यांच्याही मनात तेच आलं होतं.

फोन तिसऱ्यांदा लागला. दीपालीचा आवाज आनंदी होता. “वहिनी, कशी आहे जुई? इथं ना...”

“दीपाली, नीट ऐक. परत आलीस की गोळ्या थांबवायच्या नाहीत.”

“हो? पण काकू म्हणाल्या होत्या, आल्यावर उरतील त्या डब्यात टाक. मोहिते वहिनी निघणार आहेत ना फेब्रुवारीत. मी दोन वाचवून पण ठेवल्यात त्यांच्यासाठी. एक-दोन रविवार सोडले तर काही होत नाही म्हणतात इथं.”

आत्याबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

“दीपे, मी बोलतीया. वाचवू नगंस. आजच खा. आज रविवार नसला तरी खा. आन् हितं आल्यावर चार रविवार माझ्यासमोर खायच्या. कमी पडल्या तर माझ्या पैशानं आणीन. ऐकलंस का? डबा न्हाई आता. संपला डबा.”

पलीकडून दीपाली काहीतरी विचारत होती. आत्याबाईंनी फोन माझ्याकडं दिला, पदर तोंडावर घेतला आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या. मी दीपालीला सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज शाळेत शिकवतानासारखा येत होता, यकृत, रक्त, चार आठवडे. फोन ठेवला आणि मग मात्र मला बाकावर बसता येईना. मी जमिनीवर बसले.

शुक्रवारी विक्रांत विमानात होता. जुई तशीच. शनिवारी तिला मशीन लावलं. बिल रोज संध्याकाळी यायचं आणि मी ते घडी करून पर्समध्ये ठेवायचे. डॉक्टरबाईंचा तो कागद अजून त्याच कप्प्यात होता, त्याच्याच शेजारी. माडीचा स्लॅब गेला, दोन तोळे गेले, माझ्या वडिलांनी पाठवलेले गेले. शेवटी आकडा दोन लाख चौदा हजारांवर थांबला. मी दारात देऊन टाकलेल्या त्या पाच गोळ्यांचे झाले असते चारशे रुपये.

रविवारी सकाळी मी काचेबाहेर उभी होते. आतली नर्स वळली आणि तिनं मला बोटानं बोलावलं. जुईचे डोळे उघडे होते. ती कानामागं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती. तोंडात नळी होती म्हणून बोलता येत नव्हतं. मी आत गेले तशी तिनं मोकळा हात हळूहळू वर आणला आणि तोंडावर ठेवला. गोळी नको.

तो पहिलाच रविवार, की मी देवाचं नाव घेतलं नाही. मी डॉक्टरांना विचारलं, “पुढचा डोस किती वाजता?”

जुईला आता बारावं लागेल. शाळेत हुशार आहे, चित्रं छान काढते. डाव्या पायात थोडी कसर राहिली. जिना उतरताना कठडा धरते आणि कुणी बघतंय असं वाटलं की सोडते. विक्रांत परत तिकडं गेला नाही. इथल्याच कारखान्यात आहे, निम्म्या पगारावर.

दीपाली ठरल्या दिवशी आली. आत्याबाई चारही रविवारी सकाळी तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या रविवारानंतर तिला ताप आला. आत्याबाईंनी तिच्या सासूला बोलू दिलं नाही, बाबरांची गाडी काढायला लावली आणि तासाभरात मिरजेला बोटाला टोचून आणलं. लवकर सापडला. दोन दिवसांत उतरला. घेतलेल्या गोळ्यांनीही हात दिला असेल, मध्ये सोडलेल्या रविवारांनी घातही केला असेल. डॉक्टरांना नक्की सांगता आलं नाही.

तो पत्र्याचा डबा फळीवरून गेला. त्याचं काय केलं, मी विचारलं नाही. पण तेव्हापासून तिकडून कुणी गल्लीत उतरलं, की आत्याबाई चार रविवार त्याच्या घरी जायच्या. चहा घ्यायच्या नाहीत, बसायच्या नाहीत. “गोळी घेतलीस का? दाव.” मग कपाळाला हात. लोक हसायचे. “काकू आल्या, ताप मोजायला,” म्हणायचे. तरी दार उघडायचे. सात वर्षं त्या फिरल्या. मग गुडघे गेले, आणि मागल्या पौषात त्याही गेल्या. आता मी जाते.

पण मी आमच्या गल्लीपुरती. माणसं आता गावोगावची जातात, बोअर मारायला, रस्ते करायला, स्वयंपाकी म्हणून, मुलांना घेऊन चार आठवडे नवऱ्याकडं. घरी येतात, पेढे वाटतात, उरलेल्या गोळ्या कुणाला तरी देऊन टाकतात, आणि वीस दिवसांनी अंगावर पांघरूण घेतात. तुमच्या ओळखीत असं कुणी या महिन्या-दोन महिन्यांत परत आलं असेल. नाव आत्ता तुमच्या मनात आलंसुद्धा असेल. हे बाजूला ठेवा आणि जाऊन या. घरचे म्हणतील, दमलाय, हवा बदललीय. ऐकून घ्या, पण आत जा, कपाळाला हात लावा. रक्त बघायला सांगा, आजच.

झोपलाय म्हणाले, तर उठवा.